स्टेक : मीठ कधी, आच किती?

मांसाला आले-लसूण, हळद, तिखट लावून मुरत ठेवावे, कांदा-खोबऱ्याचे वाटण परतावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर ते रटरटू द्यावे, हा आपल्या सामिष स्वयंपाकाचा सर्वसाधारण शिरस्ता. स्टेक हा याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा पदार्थ. यात वाटण नाही, रस्सा नाही आणि शिजायला लागणारा वेळही जेमतेम दहा मिनिटांचा. त्यामुळे तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात चुका झाकायला मसाला नसल्याने मिठाची वेळ आणि आचेचा अंदाज या दोन गोष्टींवरच त्याचे सारे यश अवलंबून असते.

‘स्टेक’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. मूळ अर्थ भाजलेले मांस, असा. आज मात्र मांसतंतूंना आडवा छेद देऊन काढलेला जाड काप, तोही बहुधा गोमांसाचा, असा अर्थ रूढ आहे. जनावराच्या ज्या स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत, ते स्नायू मऊ राहतात. म्हणून पाठीकडचे भाग स्टेकसाठी निवडले जातात. रिबआय चरबीयुक्त आणि चवदार, सरलॉइन मध्यम, तर टेंडरलॉइन सर्वांत मऊ पण चवीला काहीसे सौम्य. पाय किंवा मान यांसारख्या राबणाऱ्या भागांचे मांस स्टेकसाठी निरुपयोगी ठरते. त्याची जागा रश्श्यातच. काप किमान अडीच-तीन सेंटिमीटर जाड असावा. त्याहून पातळ काप बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून कोरडा पडतो.

मिठाचा वाद

स्टेकला मीठ केव्हा लावावे, यावर जाणकारांत जुना वाद आहे. इटालियन पाकशास्त्राचा आद्य ग्रंथकार मानला जाणारा पेलेग्रिनो आर्तुसी याने १८९१ मधील आपल्या पुस्तकात मीठ-मिरी भाजून झाल्यावरच घालावी, असे बजावले होते. आधी घातल्यास मांस कोरडे पडते, असे त्याचे म्हणणे. फ्लॉरेन्समधील अनेक आचारी आजही तसेच करतात. याउलट अनेक अमेरिकी पाकतज्ज्ञ आदल्या रात्रीच मीठ चोळून काप फ्रीजमध्ये उघडा ठेवण्याचा सल्ला देतात.

गंमत म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. मीठ लावल्यावर पहिल्या काही मिनिटांत मांसातील पाणी पृष्ठभागावर येते. या अवस्थेत काप तव्यावर पडला, तर तो भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतो. साधारण चाळीस मिनिटांनंतर तेच खारे पाणी मांसात परत मुरते, प्रथिनांची घट्ट वीण थोडी सैल करते आणि पुढे शिजताना ओलावा धरून ठेवायला मदत करते. म्हणजे मीठ एकतर चाळीस मिनिटे किंवा त्याहून आधी लावावे, नाहीतर तव्यावर टाकण्याच्या अगदी क्षणी. मधला वेळ तेवढा टाळावा. पाव किलोच्या कापाला लहान अर्धा चमचा मीठ पुरते.

खरपूसपणा कोठून येतो?

१९१२ मध्ये लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील एका प्रक्रियेचे वर्णन केले. भाजलेल्या पावाचा, कॉफीच्या बियांचा आणि आपल्या परतलेल्या कांद्याचा तांबूस रंग व सुवास बव्हंशी याच प्रक्रियेतून येतो. स्वयंपाकघरात ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तेथील तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणूनच काप तव्यावर टाकण्यापूर्वी कागदी रुमालाने खडखडीत टिपून घेणे हे कोणत्याही मसाल्यापेक्षा महत्त्वाचे आहे. तवा जाड बुडाचा हवा. आपल्याकडचा बिडाचा तवा या कामी उत्तम. नॉनस्टिक भांडे एवढ्या आचेसाठी नव्हे.

आच मोठी ठेवली की मांसाचा पृष्ठभाग ‘बंद’ होतो आणि रस आत कोंडला जातो, ही समजूत अजूनही अनेक पाककृतींत सापडते. यूस्टस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८४७ मधील लेखनातून ती पसरली. ती चुकीची आहे. हॅरॉल्ड मॅक्गी यांनी १९८४ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात तिचा सविस्तर समाचार घेतला. खरे तर त्यासाठी पुस्तकाचीही गरज नाही. तव्यावर चाललेला चुरचुर आवाज हा बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो.

काप एकदाच उलटावा, हाही असाच एक हट्ट. दर अर्ध्या-एका मिनिटाने उलटल्यास तो अधिक एकसारखा आणि लवकर शिजतो. काप चार सेंटिमीटरहून जाड असेल, तर अलीकडे रूढ झालेली उलटी रीत वापरावी: आधी ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर आतपर्यंत हळूहळू तापवावा आणि शेवटी कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर भाजावा.

मसाल्याच्या चार परंपरा

फ्लॉरेन्सचा ‘बिस्तेक्का आल्ला फिओरेंतीना’ हा बहुधा किलोभर किंवा त्याहून अधिक वजनाचा, हाडासह काढलेला, चांगला तीन-चार बोटे जाड काप असतो. कियानिना जातीच्या जनावराचे मांस त्यासाठी नावाजलेले आहे. निखाऱ्यांवर भाजणे, मीठ, मिरी आणि थोडे ऑलिव्ह तेल, एवढाच संस्कार. ‘मॅड काऊ’ रोगाच्या धास्तीने युरोपीय संघाने २००१ मध्ये कण्यालगतच्या हाडासह मांस विकण्यावर निर्बंध आणले आणि फ्लॉरेन्सवासीयांना आपल्या या लाडक्या पदार्थाला मुकावे लागले. २००६ च्या आरंभी ते निर्बंध सैल झाले.

फ्रान्समधील ‘स्टेक ओ प्वाव्र’ला आपण जवळचे मानायला हरकत नाही, कारण त्यातील मुख्य घटक काळी मिरी. ती मलबारच्या किनाऱ्यावरूनच शतकानुशतके युरोपात जात होती. मिरी दळायची नाही. खलबत्त्यात भरड कुटून कापाच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवायची. तेल-लोण्यावर काप भाजून बाजूला काढला, की त्याच भांड्यात थोडी कोन्याक ब्रँडी आटवतात आणि मलई घालून तळाशी चिकटलेला अर्क सोडवून घेतात. ब्रँडी पेट घेते, त्यामुळे ती घालताना भांडे ज्योतीपासून दूर घ्यावे.

अर्जेंटिनात लाकडांचे निखारे होऊ देऊन त्यांच्या मंद धगीवर जाड मिठासह मांस भाजतात. सोबत पार्सली, ओरेगॅनो, लसूण, मिरचीचे कण, व्हिनेगर आणि तेल यांची ‘चिमिचुरी’ ही चटणी. तेथील ‘बिफे दे चोरिसो’ या नावाने फसू नये. त्याचा चोरिसो सॉसेजशी संबंध नाही, तो सरलॉइनचा काप आहे. आणि कॅनडातील मॉन्ट्रिऑल मसाला चाखला, तर मराठी जिभेला त्यातील भरड धने लगेच ओळखू येतील. मिरी, धने, लसूण, मिरची आणि शेपूचे बी असा तो मेळ तेथील ज्यू खानावळींच्या खारवलेल्या मांसाच्या मसाल्यातून निघाला.

गोव्यातील ख्रिस्ती घरांमध्ये लसूण, मिरी आणि व्हिनेगर लावलेले पातळ काप तव्यावर भाजतात. हा पोर्तुगीज वारसा.

आत किती शिजावे?

मध्यभागाचे तापमान साधारण ५० अंश असेल तर ‘रेअर’, ५५ च्या आसपास ‘मीडियम रेअर’, ६० ते ६३ ‘मीडियम’ आणि ७१ च्या पुढे ‘वेल डन’. बोटाने दाबून पाहण्यापेक्षा सुईचा तापमापक केव्हाही विश्वासार्ह. आचेवरून उतरवल्यावरही तापमान तीन-चार अंश वाढते, म्हणून थोडे आधीच उतरवून पाच-दहा मिनिटे तसेच ठेवावे. कापल्यावर वाहणारा लाल द्रव रक्त नसून मायोग्लोबिन या प्रथिनाने रंगलेले पाणी असते.

अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस मात्र अखंड कापासाठी किमान ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे, तर खिम्यासाठी ७१ अंश अशी आहे. या फरकामागे कारण आहे. अखंड कापाचे जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर मरतात. खिमा करताना ते आत मिसळतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात कच्चट राहिलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलायचा संसर्ग होऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. सुया टोचून मऊ केलेल्या मांसातही जंतू आत ढकलले जातात. म्हणून २०१६ पासून तेथे अशा पाकिटांवर तसे छापणे बंधनकारक आहे. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी खरेदी करताना ही ओळ जरूर वाचावी.

महाराष्ट्रात प्रश्न वेगळा आहे. २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनुसार राज्यात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस-रेडा त्यातून वगळलेले असल्याने शहरांतील स्टेक हा बहुधा त्यांच्याच मांसाचा असतो. हे मांस रंगाने गडद आणि चरबीला कमी. त्यातही ते अनेकदा सकाळी कापून, शीतगृहात न ठेवता, उघड्यावरच विकले जाते. अशा मांसाला परदेशी पुस्तकातील ‘रेअर’ची कृती लावणे धोक्याचे आहे. जंतूंखेरीज अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमीचीही बाधा होऊ शकते. घरात लहान मुले, वृद्ध किंवा गर्भवती असतील, तर गुलाबी स्टेकचा हट्ट मुळीच धरू नये.

खाटकाकडे ‘अंडरकट’ मागावे. टेंडरलॉइनला आपल्याकडे हेच नाव आहे. इतर भाग मऊ करण्यासाठी कच्च्या पपईचा गर लावता येतो, पण तो अर्ध्या तासात धुऊन टाकावा, नाहीतर पृष्ठभाग लगदा होतो. काप तासभर आधी मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवावा, टिपून घ्यावा, कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात भाजावा. रंग आल्यावर आच कमी करून लोणी आणि ठेचलेला लसूण घालावा व वितळलेले लोणी चमच्याने वर सोडत राहावे. मधोमध ७१ अंश झाले की उतरवावा. एवढ्या शिजण्याने जो कोरडेपणा येतो, तो तव्यातील लोणी आणि लिंबाच्या थेंबांनी बराच भरून निघतो. वाढताना धाग्यांना आडवे, बोटभर जाडीचे तुकडे करावेत आणि भरड मिरी शेवटी घालावी. मोठ्या आचेवर ती जळून कडवट होते.