दिवाणातला दावा

खालापूरच्या आमच्या घरी एक जुना दिवाण आहे. फळी उचलली की आत जास्तीच्या गाद्या, पितळेची भांडी आणि लाल फडक्यात बांधलेलं आजोबांचं गाठोडं. त्यात भातखाचराच्या एका बांधावरून चुलत घराशी चाललेल्या खटल्याचे कागद. घरात त्याला ‘दिवाणी दावा’ म्हणत. दिवाणात ठेवतात म्हणून दिवाणी, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती.

गेल्या पावसाळ्यात आजोबा गेले. दोन्ही घरांनी तडजोड करायचं ठरवलं, म्हणून मी गाठोडं सोडलं, आणि कागदांआधी त्या शब्दाच्याच मागे लागलो. समजूत चुकीची निघाली, पण अगदीच वेडगळ नव्हती.

न्यायालयातला ‘दिवाणी’ मोगलाईतून आला. दिवाण म्हणजे महसूल पाहणारा अधिकारी. जमिनीचा सारा त्याच्याकडे, म्हणून जमिनीचे आणि देण्याघेण्याचे तंटेही त्याच्याकडे. चोरी, मारामारी, खून फौजदाराकडे. १७६५ साली बादशहा शाहआलमने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने दिवाणी आणि फौजदारी अदालती वेगळ्या मांडल्या. आपला बांध दिवाणीत आणि बांधावरची हाणामारी फौजदारीत जाते, ती या वाटणीमुळे. आपल्याकडे हा शब्द त्याच्याही आधीपासून होता. सुलतानी काळातल्या मराठी कागदांत ‘दिवाण’ म्हणजे चक्क सरकार.

त्याच्या मागे गेलं की अरबस्तान लागतं. सातव्या शतकात खलिफा उमर यांनी सैनिकांना वेतन वाटण्यासाठी नावांची नोंदवही केली, ती दिवाण. पुढे वही ठेवण्याची कचेरी दिवाण झाली, कचेरीत भरणारी सभा दिवाण झाली, आणि सभेत भिंतीलगत मांडलेली गादीची बैठकही. ती बैठक युरोपात जाऊन कोच झाली, आणि आपल्याकडे खोका लावलेला पलंग. कवीच्या कवितांची वही तीही दिवाण, म्हणून ‘दिवाण-ए-गालिब’. फ्रेंचांचा जकातनाका ‘दुआन’ याच कुळातला. म्हणजे दिवाण आणि दिवाणी दावा एकाच वहीतून निघाले. आमच्या घरी ते पुन्हा एकत्र आले, इतकंच.

पण वही अरबांची असली तरी शब्द त्यांचा नव्हता. सासानी इराण जिंकल्यावर त्यांनी तिथले हिशेबनीस कामावर ठेवले, आणि इराकचे महसुली हिशेब सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फारसीतच चालू राहिले. या इराणी शब्दाच्या मुळाशी बहुतेक अभ्यासक प्राचीन फारसी ‘दिपि’ ठेवतात. दिपि म्हणजे लेख. दारयवहूच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तो आहे. त्याच्याही मागे अक्कादी ‘तुप्पु’ आणि सुमेरी ‘दुब’, म्हणजे लिहायची मातीची पाटी.

इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. अशोकाच्या इतर लेखांत जिथे ‘लिपि’ आहे, तिथे वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या लेखात ‘दिपि’ आहे. आपली ‘लिपी’ या दिपिवरूनच आली, असं मानलं जातं. म्हणजे हे मी ज्या देवनागरीत लिहितोय तिच्या नावातली लिपी आणि गाद्या ठेवायचा दिवाण चुलत भावंडं. याच घराण्यातला लेखनिक तो ‘दबीर’, आपला डबीर. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत डबिराचा ‘सुमंत’ झाला, आणि राज्यव्यवहारकोशाने कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. लिपीला मात्र परकी म्हणायचं आजही कुणाच्या मनात येणार नाही.

चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने एक गोष्ट नोंदवली आहे. इराणचा बादशहा कचेरीत गेला, तर कारकून आपापल्याशी पुटपुटत हिशेब करत बसलेले. तो म्हणाला, ‘दीवाने!’ म्हणजे वेडे. म्हणून कचेरीचं नाव दिवाण. व्युत्पत्ती म्हणून हिला काही अर्थ नाही. पण स्क्रीनशी बोलत कोडमधली चूक शोधणाऱ्या माणसाला ती खोटी ठरवणं जिवावर येतं.

आजोबाही त्या दिवाणावर बसून गुंठ्यांचे आणि वाट्यांचे आकडे स्वतःशीच म्हणायचे. आजी आतून ओरडायची, “अहो, वेड लागेल!” गाठोड्यातल्या बऱ्याच कागदांच्या मागे पेन्सिलीने तीच बेरीज आहे, प्रत्येक वेळी पहिल्यापासून केलेली. पुढच्या महिन्यात तडजोडीवर सह्या आहेत. मग हे कागद कशाला ठेवायचे, असं मी विचारलं. आजीने गाठोडं पुन्हा बांधलं आणि मला दिवाणाची फळी उचलायला सांगितली.