सोळाचे अठरा

बँकेत असताना पेन्शनर मंडळींचे कागद तपासायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्यात बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जून! गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिली तीच कायम. म्हणून फ्रँक बकल्स या अमेरिकन सैनिकाची हकिगत वाचली तेव्हा हा गृहस्थ मला एकदम ओळखीचा वाटला. फरक इतकाच, की याने वय स्वतःच वाढवून सांगितले होते.

जन्म १ फेब्रुवारी १९०१, मिसुरी राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा हे पोरगं सोळा वर्षांचं. मरीन दलात गेला, तिथे एकवीस वर्षे पूर्ण हवीत म्हणाले. आठवड्याने परत जाऊन "एकवीस" म्हणाला, तर आता वजन कमी! नौदलाने तळपाय सपाट आहेत म्हणून नाकारले. शेवटी भूदलाच्या अधिकाऱ्याने जन्मदाखला मागितला. हा म्हणाला, माझ्या जन्मावेळी मिसुरीत सरकारी नोंदी ठेवत नसत, घरच्या बायबलात लिहिलंय, ते मोठं पुस्तक आता इथे कुठे आणू? अधिकाऱ्याने त्याला अठरा वर्षांचा धरून भरती करून घेतले. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी परत पाठवला असता, हे कबूल करतो.

फ्रान्सला लवकर पोचायचे तर ॲम्ब्युलन्स विभागात जा, असा सल्ला त्याला एका जुन्या सार्जंटने दिला. जहाज होते 'कार्पेथिया'. टायटॅनिक सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्या बोटीतल्या वाचलेल्यांना उचलणारे तेच हे जहाज. आधी इंग्लंडमध्ये आणि मग फ्रान्समध्ये त्याने गाड्या चालवल्या, युद्ध संपल्यावर जर्मन कैद्यांना त्यांच्या देशात पोचवले. आघाडीवरच्या खंदकात लढायची वेळ त्याच्यावर आलीच नाही.

खरे हाल पुढे होते, आणि ते गणवेश उतरवल्यावर. जहाज कंपनीच्या नोकरीनिमित्त बकल्स मनिलाला होते (आता चाळिशीतल्या माणसाला अरे-तुरे नको). जानेवारी १९४२ मध्ये जपान्यांनी शहर घेतले आणि हे साधे नोकरदार कैदेत पडले. आधी सांतो तोमास विद्यापीठात, मग लोस बान्योसच्या छावणीत, मिळून तीन वर्षांहून जास्त काळ. उपासमार, बेरीबेरी, वजन शंभर पौंडांच्या खाली. सगळे जेवण एकाच पत्र्याच्या वाटीत. ती वाटी त्यांनी जन्मभर जपली. तशाही अवस्थेत ते इतर कैद्यांकडून रोज व्यायाम करून घेत. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकन छत्रीधारी सैनिक आणि फिलिपिनो गनिमांनी छावणीवर छापा घालून दोन हजारांहून अधिक माणसे सोडवली, त्यात हेही सुटले.

पुढे लग्न, एक मुलगी, आणि वेस्ट व्हर्जिनियात शेती. शंभरी ओलांडल्यावरही ट्रॅक्टर चालवत. फेब्रुवारी २००८ मध्ये एक सहकारी वारला आणि पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांपैकी हे एकटेच उरले. एवढा मान, पण तो कशामुळे? बाकीचे सगळे गेले म्हणून. मला वाटते त्यांना हे पुरते ठाऊक होते. कारण त्यानंतर ते स्वतःच्या पराक्रमाविषयी फारसे बोललेच नाहीत. वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या महायुद्धाचे, व्हिएतनामचे, कोरियाचे राष्ट्रीय स्मारक आहे, आमच्या युद्धाचे का नाही, एवढेच विचारत राहिले. १०८ व्या वर्षी चाकाच्या खुर्चीत बसून संसदेच्या समितीपुढे साक्षीला गेले ते यासाठीच.

२७ फेब्रुवारी २०११ रोजी, ११० वर्षे पूर्ण करून, बकल्स वारले. आर्लिंग्टनच्या लष्करी स्मशानभूमीत जमिनीत दफन होण्याच्या नियमात ते बसत नव्हते, त्यासाठी आधीच खास परवानगी काढून ठेवलेली होती. त्यांच्या युद्धातले सरसेनापती पर्शिंग यांच्या कबरीजवळच त्यांना जागा मिळाली.

स्मारक वॉशिंग्टनमध्ये खुले झाले ते २०२१ साली. बकल्स जाऊन तोवर दहा वर्षे झाली होती.