बाळंतपणाचा खर्च कोणी सोसायचा?



“बाईला कामावर ठेवलं की बाळंतपण आलं, रजा आली. त्यापेक्षा गडीमाणूस बरा.” हे बोलणं उरण-अलिबागकडे आजही कानावर पडतं. ते जवळजवळ शंभर वर्षं जुनं आहे, आणि त्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचाही वाटा आहे.

कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 1879 सालचा, आपल्याच गोरेगावचा. तेव्हा रायगडला कुलाबा जिल्हा म्हणत. 1919 साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे ठरलं की बाळंतिणीला रजा आणि पैसे मिळावेत, आणि ते पैसे सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावेत. या परिषदेला जोशी हजर होते. 1924 साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या मदतीचं विधेयक मांडलं. ते नामंजूर झालं.

पुढे हा प्रश्न मुंबई कायदेमंडळात आला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला जेमतेम वर्ष लोटलं होतं. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे विधेयकाच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 साली कायदा झाला, पण पैसे द्यायचे ते एकट्या मालकाने.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग-रिळिंग खात्यांत बायकाच जास्त. पुढच्या काही दशकांत त्यांचं प्रमाण खूप घटलं. नवी यंत्रं आली, रात्रपाळ्या वाढल्या आणि रात्री बायकांना कामाला बंदी होती. त्यात बाई म्हणजे जादा खर्च, हा हिशेबही होताच. ज्यांच्यासाठी कायदा झाला, त्यांतल्या कित्येकींचं कामच गेलं.

मग कायदाच चुकला का? युरोपातही हा वाद झाला. 1973 साली तेल महागलं आणि पुढे तिथल्या कितीतरी देशांत बेकारी वाढली. काहींनी कामगारांच्या संरक्षणाला दोष दिला. पण डेन्मार्कमध्ये काम सुटलेल्याला निधीतून भत्ता मिळतो, नवं कामही शिकवतात. भार एका मालकावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. म्हणजे संरक्षण काढून घेण्यापेक्षा त्याचा खर्च कोण सोसतो, हे पाहिलं पाहिजे.

आपल्याकडे 1948 च्या ईएसआय कायद्याने हीच वाट धरली. आज मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगार 0.75 टक्के. मालकाला हा हप्ता पुरुषासाठीही भरावाच लागतो. त्यामुळे बाई नेमली म्हणून त्याचा हप्ता वाढत नाही. बाळंतपणाचा पगार ईएसआयकडून येतो. जिथे ईएसआय लागू नाही, तिथे 2017 पासून 26 आठवड्यांचा पगार मालकालाच द्यावा लागतो. जुनं दुखणं तिथे उरलंच आहे.

आणि मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या, सुकट वाळवणाऱ्या आपल्या बहिणींना तर मालकच नाही. त्यांच्यासाठी मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5000 रुपये. सहा महिने धंदा बंद ठेवायचा तर ते किती दिवस पुरतील?

म्हणून कंपनीत कामाला लागाल तेव्हा पहिल्याच महिन्यात आपला ईएसआय नंबर मागा. कापलेले पैसे जमा होतात का, तेही बघा. आणि कोणी “गडीमाणूस बरा” म्हणालं, तर त्याला हा हिशेब ऐकवा.