इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम

इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम म्हणजे १९७० च्या दशकात, विशेषतः १९७१ ते १९७७ या काळात, इटलीतील रॉक वाद्यवृंदांनी प्रसिद्ध केलेल्या दीर्घ व बहुधा एकाच विषयावर बेतलेल्या ध्वनिमुद्रिका होत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये उदयास आलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉक या प्रकारातून ही धारा निघाली. तीन मिनिटांच्या गीताची चौकट मोडणे, पाश्चात्त्य अभिजात संगीत व जाझ यांच्याशी नाते जोडणे आणि ऑर्गन, मेलोट्रॉन, मूग सिंथेसायझर, बासरी, व्हायोलिन अशा वाद्यांना गिटारच्या बरोबरीचे स्थान देणे ही मूळ प्रकाराची लक्षणे येथेही आढळतात. तथापि या अल्बमांचे वेगळेपण वादनाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, त्यांच्या आशयात आहे. डार्विनचा उत्क्रांतिवाद, दान्तेचा नरक, नीत्शेचा झरथुस्त्र, ख्रिस्तचरित्राच्या चर्चबाह्य कथा, समुद्रात बुडालेली पुराणकथेतील नगरी असे विषय घेऊन सबंध ध्वनिमुद्रिका रचण्याची प्रथा इटलीत विशेष रुजली. अशा एकविषयी ध्वनिमुद्रिकेस कॉन्सेप्ट अल्बम असे म्हणतात.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात इटलीतील तरुण वाद्यवृंद प्रामुख्याने इंग्रजी गीतांच्या इटालियन आवृत्त्या गात असत. या अनुकरणातून बाहेर पडण्याची वाट काही अंशी फाब्रिझिओ दे आंद्रे या जेनोव्हाच्या कवि-गायकाने दाखविली. त्याचा 'ला बुओना नोव्हेल्ला' (शुभवार्ता, १९७०) हा अल्बम अधिकृत बायबलमध्ये समाविष्ट नसलेल्या शुभवर्तमानांवर आधारलेला आहे. त्यात मेरीचे बालपण आणि वधस्तंभावरील चोराचे मनोगत येते. चमत्कारांपेक्षा माणसांचे दुःख येते. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियाझ्झा फोन्ताना येथील बँकेत झालेल्या बॉम्बस्फोटात १७ जणांचा बळी गेला होता. देश अस्वस्थ असताना दे आंद्रेने असा धार्मिक विषय निवडावा याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले, पण त्याच्या दृष्टीने येशू हा सत्तेला आव्हान देणारा क्रांतिकारकच होता. या अल्बमला वाद्यसाथ करणाऱ्या 'इ क्वेल्ली' या वृंदातील वादकांनीच पुढे 'प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी' म्हणजे पीएफएम हा सुप्रसिद्ध वृंद उभारला.

दुसरी वाट चित्रपट संगीतातून आली. अर्जेंटिनात जन्मलेले संगीतकार लुईस बाकालोव यांनी 'ला व्हित्तिमा देझिन्याता' या चित्रपटासाठी केलेल्या रचनांतून जेनोव्हाच्या 'न्यू ट्रोल्स' या वृंदाचा 'कोन्चेर्तो ग्रोस्सो' (१९७१) सिद्ध झाला. कोन्चेर्तो ग्रोस्सो हा बारोक काळातील संगीतप्रकार असून त्यात मोजके एकल वादक आणि मोठा वाद्यवृंद यांचा संवाद असतो. येथे एकल वादकांच्या जागी रॉक वृंद आला. गीताचे शब्द हॅम्लेटच्या मृत्यू व निद्रेविषयीच्या स्वगतातून घेतलेले आहेत. बाकालोव यांनी पुढे नेपल्सच्या 'ओसान्ना' आणि रोमच्या 'इल रोव्हेशो देल्ला मेदाल्या' या वृंदांबरोबरही अशीच कामे केली. १९७१ च्या व्हियारेज्जो येथील महोत्सवात पीएफएम, ओसान्ना आणि गायिका मिया मार्तिनी यांना प्रथम पारितोषिक विभागून मिळाले. नव्या संगीताची सार्वजनिक दखल घेतली जाऊ लागल्याचे ते पहिले ठळक चिन्ह होते.

इटलीतील श्रोतावर्गही या संगीतास अनुकूल होता. 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' या इंग्लिश वृंदाचा 'पॉन हार्ट्स' हा अल्बम १९७२ मध्ये इटलीत विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचला. मायदेशी मात्र त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

डार्विन!

'बान्को देल मूतुओ सोक्कोर्सो' (परस्पर साहाय्य पेढी) हा रोमचा वृंद. व्हित्तोरिओ व जान्नी नोचेंझी हे दोघे बंधू त्याचे प्रमुख संगीतकार आणि फ्रान्चेस्को दी जाकोमो हा गायक व गीतकार. वृंदाच्या नावाला साजेसे असे पहिल्या अल्बमचे (१९७२) मुखपृष्ठ मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेले होते. त्याच वर्षी आलेला 'डार्विन!' हा दुसरा अल्बम या प्रवाहातील सर्वांत विचारगर्भ कृती मानावा लागेल.

आरंभीचे 'लेव्होलुत्सिओने' (उत्क्रांती) हे गीत जवळपास १४ मिनिटांचे आहे. बायबलमधील सृष्ट्युत्पत्तीची कथा नाकारून जीवनाचा उगम चिखल, पाणी व काळ यांत शोधण्याचा निश्चय त्यात व्यक्त होतो. व्हॅटिकन ज्या शहरात आहे त्या शहरातील तरुणांनी हे म्हणावे यात धाडस होते. मात्र चर्चची भूमिका सरसकट विरोधाची होती असे समजणे योग्य नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या 'हुमानी जेनेरिस' या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी अभ्यासकांनी विचारविनिमय करण्यास मुभा दिली होती. आत्मा मात्र ईश्वरनिर्मितच मानावा, असे बजावले होते. अल्बमचा खरा झगडा नेमका या आत्म्याशी आहे. देह वानराचा असेल, तर प्रेम, लज्जा आणि भय कोठून आले, हा प्रश्न गीतांमागून गीतांत निरनिराळ्या रूपांत येतो.

त्यानंतर मानवपूर्वज दोन पायांवर उभा राहतो, महाकाय सरीसृपांचे नृत्य केवळ वाद्यांतून ऐकू येते, शंभर हात आणि शंभर डोळे एकत्र येऊन टोळी बनते. या वाद्यगर्दीनंतर 'साडेसात लाख वर्षांपूर्वी... प्रेम?' हे गीत येते. त्यात मुख्यतः पियानो आणि दी जाकोमोचा उंच, ऑपेराच्या वळणाचा आवाज एवढेच आहे. एक आदिमानव पाण्याकाठी आलेल्या स्त्रीकडे पाहतो आहे; तिला स्पर्श करावा असे त्याला वाटते, पण आपण अजून माणूस नाही याची त्याला जाणीव आहे. उत्क्रांतिवाद हा शुष्क विषय असल्याचा ज्यांचा समज असेल त्यांनी हे एक गीत अवश्य ऐकावे. पुढील 'मिझेरेरे अल्ला स्तोरिआ' या गीताच्या शीर्षकातील 'मिझेरेरे' हा पश्चात्तापाच्या लॅटिन स्तोत्राचा आरंभीचा शब्द होय. येथे मात्र दयेची याचना ईश्वराकडे केलेली नाही. ती इतिहासाला उद्देशून आहे. शेवटच्या गीतात काळाच्या चाकाची करकर ऐकू येते. मी काळाकडे थोडा वेळ मागतो आणि तो मजजवळ नाही असे उत्तर देतो, अशा अर्थाचे त्याचे लांबलचक शीर्षक आहे. शीर्षकातील उद्गारचिन्हामुळे हा अल्बम प्रगतीचे जयगान वाटेल, परंतु त्याचा शेवट असा हताश आहे.

ग्रह, नगरी आणि नरक

व्हेनिस परिसरातील 'ले ओर्मे' या त्रिकुटाचा 'फेलोना ए सोरोना' (१९७३) हा दोन ग्रहांची कल्पित कथा सांगतो. फेलोना प्रकाशमान व सुखी, सोरोना अंधारलेला व रोगग्रस्त. दोघांचा निर्माता एकच, पण तो फेलोनाच्या कौतुकात मग्न असल्याने सोरोनाकडे त्याचे लक्ष नाही. दोहोंत क्षणभर समतोल साधतो आणि लगेच ढळतो. शेवटच्या 'रितोर्नो अल नुल्ला' (शून्याकडे परत) या भागात सर्व काही विलयास जाते. अंतराळकथेच्या आवरणाखाली संपत्तीच्या विषम वाटपाची गोष्ट यात वाचता येते. कथानक बाळबोध आहे, पण तोनी पाल्युकाच्या ऑर्गनवादनाने आणि आल्दो ताल्यापिएत्राच्या कोवळ्या आवाजाने त्याला गांभीर्य येते.

'इल बाल्लेत्तो दी ब्रोंझो' या नेपल्सच्या वृंदाचा 'ईस' (१९७२) हा ब्रिटनी प्रांतातील जलमग्न नगरीच्या दंतकथेचे नाव धारण करतो. नेपल्सचाच ओसान्ना हा वृंद चेहरे रंगवून व वेशभूषा करून सादरीकरण करी. त्याच्या 'पालेपोली' (१९७३) या अल्बमच्या शीर्षकाचा अर्थ जुनी नगरी असा असून तारान्तेल्ला या लोकनृत्याच्या तालावर रॉक संगीत येऊन आदळते.

रोमच्या 'मेतामोर्फोझी' या वृंदाने 'इन्फेर्नो' (१९७३) मध्ये दान्तेच्या महाकाव्याचा आराखडा घेऊन नरकात नवे रहिवासी आणले. मादक द्रव्यांचा विक्रेता, पिळवणूक करणारे, वंशद्वेष्टे अशी पापी मंडळी एकेका गीतात येतात आणि तळाशी ल्युसिफरच्या शेजारी राजकारणी बसलेले असतात. दान्ते इटलीत शाळेतच शिकविला जात असल्याने हा उपरोध श्रोत्यांना समजावून सांगावा लागला नाही.

'झाराथुस्त्रा' आणि मुखपृष्ठाचा वाद

लिगुरिया प्रांतातील 'मुझेओ रोझेनबाख' या वृंदाचा 'झाराथुस्त्रा' (१९७३) हा अल्बम संगीतामुळे नव्हे, तर मुखपृष्ठामुळे अडचणीत आला. काळ्या पार्श्वभूमीवरील चित्रजुळणीत मुसोलिनीच्या अर्धपुतळ्याचा अंतर्भाव होता. काळा रंग, मुसोलिनी आणि नीत्शेचा अतिमानव या तीन गोष्टी एकत्र येताच वृंदावर फॅसिस्ट असल्याचा शिक्का बसला. युवक संगीताचे वातावरण त्या वेळी बव्हंशी डाव्या विचारांचे होते, त्यामुळे या शिक्क्याची किंमत मोठी होती. अल्बमचा प्रसार खुंटला आणि वृंद अल्पावधीतच विखुरला.

हा आरोप ऐकीव माहितीवर आधारलेला होता, असेच गीते ऐकल्यावर म्हणावे लागते. पहिल्या बाजूवरील २० मिनिटांहून दीर्घ रचनेतील नायक सत्तेचा पूजक नसून निसर्गाशी एकरूप होऊ पाहणारा एकाकी मनुष्य आहे. त्याच सुमारास जॉर्जो कोल्ली आणि मात्सिनो मोन्तिनारी हे दोन इटालियन विद्वान नीत्शेच्या लेखनाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होते. नाझी व फॅसिस्ट प्रचाराने केलेली त्याच्या विचारांची मोडतोड दूर करण्यास तिचे मोठे साहाय्य झाले. यांपैकी मोन्तिनारी हे कम्युनिस्ट पक्षाशी संबंधित होते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना जो भेद कळला होता तो मैफलींच्या जगात पोहोचण्यास मात्र अवधी लागला. या अल्बमची आज इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रेष्ठ कृतींत गणना होते.

राजकीय आशय

मिलानच्या 'आरेआ' या वृंदाला रूपकांची गरज वाटली नाही. त्याचा गायक देमेत्रिओ स्त्रातोस हा इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे ग्रीक कुटुंबात जन्मला होता. 'आर्बाइट माख्ट फ्राय' (१९७३) या पहिल्या अल्बमला आउश्वित्झ छळछावणीच्या प्रवेशद्वारावरील जर्मन वाक्य शीर्षक म्हणून दिले आहे. कारखान्यातील श्रमही माणसाला मुक्त करीत नाहीत, हे त्यातून सुचवायचे होते. पहिल्याच गीताचा आरंभ एका स्त्रीच्या अरबी भाषणाने होतो आणि त्याचा विषय पॅलेस्टिनी संघर्ष हा आहे. बाल्कन प्रदेशातील विषम ताल, जाझ आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांचे हे मिश्रण प्रथम ऐकताना कर्कश वाटते, पण स्त्रातोसच्या आवाजाची झेप विलक्षण आहे. १३ जून १९७९ रोजी तो न्यूयॉर्क येथे वारला. त्याच्या उपचारांच्या खर्चासाठी मिलानमध्ये योजलेली मैफल दुसऱ्याच दिवशी होती. ती त्याची स्मृतिसभा ठरली.

भाषेचा प्रश्न

परदेशी बाजारपेठेसाठी इंग्रजीत गावे काय, हा प्रश्न या वृंदांसमोर लवकरच उभा राहिला. 'एमर्सन, लेक अँड पामर' या वृंदाच्या मँटिकोर या कंपनीने पीएफएमला करारबद्ध केले आणि 'पेर उन आमीको' (१९७२) मधील बहुतेक रचना 'फोटोज ऑफ घोस्ट्स' (१९७३) या नावाने इंग्रजीत आल्या. इंग्रजी शब्द किंग क्रिमसनचे पूर्वीचे गीतकार पीट सिनफिल्ड यांचे होते. ते भाषांतर नसून त्याच चालींवर रचलेली स्वतंत्र गीते होती. 'इल बान्केत्तो' (मेजवानी) हे राजसत्तेवरील उपरोधिक गीत तेवढे इटालियनमध्येच राहिले. 'फेलोना ए सोरोना'ची इंग्रजी आवृत्ती व्हॅन डर ग्राफ जनरेटरच्या पीटर हॅमिल यांनी लिहिली.

इटालियन शब्द बहुधा स्वरान्त असतात आणि या चाली त्या लांबविता येणाऱ्या स्वरांवर उभ्या आहेत. व्यंजनान्त इंग्रजी शब्दांत त्या आखडल्यासारख्या वाटतात. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्यास हा फरक सहज ध्यानात येतो. पीएफएमच्या 'चॉकलेट किंग्ज' (१९७५) मध्ये तर अमेरिकेच्या सांस्कृतिक वर्चस्वावर टीका असूनही ती संपूर्णतः इंग्रजीत गायिलेली आहे.

ओहोटी आणि नंतर

१९७५ नंतर मैफली भरविणे कठीण झाले. संगीत फुकट मिळाले पाहिजे, अशी मागणी करीत तरुणांचे जमाव तिकिटांविना आत शिरत. १९७६ च्या मिलानमधील पार्को लाम्ब्रो महोत्सवात लूटमारही झाली. नंतर पंक व डिस्को संगीत आले. आस्ती येथील 'लोकान्दा देल्ले फाते' या वृंदाचा 'काजवे कदाचित आता परस्परांवर प्रेम करीत नाहीत' अशा अर्थाच्या शीर्षकाचा मधुर अल्बम १९७७ मध्ये आला, तोवर त्याला श्रोते उरले नव्हते.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या पुनर्मुद्रणामुळे पुढे हे संगीत पुन्हा ऐकले जाऊ लागले. त्यात जपानी संग्राहकांचा वाटा मोठा आहे. मेतामोर्फोझीने 'पारादीझो' (२००४) आणि 'पुर्गातोरिओ' (२०१६) हे अल्बम काढून दान्तेची त्रयी पूर्ण केली. मुझेओ रोझेनबाख हा वृंदही पुन्हा एकत्र आला. बान्कोचा गायक दी जाकोमो २१ फेब्रुवारी २०१४ रोजी मोटार अपघातात मरण पावला. वृंदाच्या पहिल्या अल्बमचा प्रारंभ आरिओस्तोच्या 'ओर्लान्दो फुरिओझो' या महाकाव्यातील पंखधारी अश्वाच्या उल्लेखाने झाला होता. व्हित्तोरिओ नोचेंझीच्या नेतृत्वाखाली त्याच महाकाव्यावर रचलेला 'ओर्लान्दो: ले फोर्मे देल्लामोरे' हा अल्बम बान्कोने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला.