रोंगेलापचा आकडा

किरणांची मात्रा मोजण्याचे पहिले आंतरराष्ट्रीय एकक १९२८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत मान्य झाले. त्याचे नाव राँटगेन. ते हवेत घडलेल्या परिणामापुरतेच बोले. शरीरात ऊर्जा किती मुरली, हे सांगणारा ‘रॅड’ यायला १९५३ उजाडावे लागले. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवर राख पडली तेव्हा ही नवी हिशेबवही जेमतेम वर्षाची होती.

आपण त्या दिवसाकडे वळू. १ मार्च १९५४ च्या पहाटे अमेरिकेने बिकिनी कंकणद्वीपावर ‘कॅसल ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब उडवला. अंदाज सुमारे ६ मेगाटनांचा होता. लिथियमचे जे समस्थानिक निरुपद्रवी मानले होते तेही पेटले आणि स्फोट १५ मेगाटनांवर गेला. काही तासांतच मार्शल बेटांतल्याच रोंगेलापवर पांढरी भुकटी पडू लागली. तिथे ६४ माणसे होती. पलीकडच्या रोंगेरिकवरचे २८ अमेरिकी सैनिक २ मार्चला हलवले गेले. रोंगेलापकरांची पाळी ३ तारखेला आली. एकाही रोंगेलापकराच्या अंगावर मात्रामापक नव्हता. नंतर बेटावर घेतलेल्या नोंदींवरून उलटी गणिते करून नौदलाच्या वैद्यकांनी आकडा काढला: १७५ राँटगेन. याच राखेने २३ जपानी मच्छीमारांची नौका माखली, म्हणून जगाला बातमी कळली. नेहरूंनी २ एप्रिलला लोकसभेत चाचण्या थांबवण्याची हाक दिली तीही या धक्क्यातूनच. बेटावरच्या माणसांसाठी इतका गाजावाजा झाला असता का, याची मला शंका आहे.

तो आकडा बराच काळ टिकला, आणि खरे सांगायचे तर तो फारसा चुकीचाही नव्हता. चूक होती ती त्याला पुरेसा मानण्यात. १९५७ साली लोकांना बेटावर परत नेले. १९६३ पासून त्यांच्यात, विशेषतः स्फोटावेळी लहान असलेल्यांत, थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या. बाहेरून अंगावर आलेल्या किरणांच्या हिशेबात त्या बसेनात. उत्तर एका जुन्या नमुन्यात होते: मार्च १९५४ मध्ये रोंगेलापकरांचे मूत्र एकत्र करून लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत तपासले होते. त्यात सापडले होते आयोडिन-१३१. पण राखेत आयोडिनची अल्पायुषी भावंडेही होती. नमुना घेईपर्यंत ती विरून गेली होती, आणि थायरॉइडवरचा मोठा मारा त्यांचाच होता. ब्रुकहेवन प्रयोगशाळेने १९८५ साली हे गणित नव्याने मांडले. त्यासाठी राख पडत असताना लोक काय, केव्हा आणि कुठे जेवले हे विचारावे लागले. उघड्यावरच्या अन्नावर बसलेली भुकटी पोटात गेली होती. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या फेरगणनेत प्रौढांची बाह्य मात्रा १.६ ग्रे (रॅडनंतरच्या या एककात, म्हणजे १६० रॅड) ठरली, म्हणजे जवळपास जुनीच. थायरॉइडवरची आतली मात्रा मात्र ७.६ ग्रे. दरम्यान मे १९८५ मध्ये ग्रीनपीसच्या ‘रेनबो वॉरियर’वरून रोंगेलापकरांनी बेट पुन्हा सोडले होते. १९९१ साली मार्शल बेटांच्या आण्विक दावे न्यायाधिकरणाने तर भरपाईसाठी रोगांची यादीच केली आणि यादीतल्या रोगाला मात्रेचा पुरावा मागणे सोडून दिले. हा निर्णय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो.

फ्रेंच पॉलिनेशियात वाट उलटी गेली. तिथे १९६६ ते १९७४ या काळात मोरुरोआ आणि फांगाटाउफा इथे ४१ वातावरणीय अणुस्फोट झाले. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाने २००६ साली मात्रांचा स्वतःच हिशेब मांडला. २०१० च्या भरपाई कायद्यात जोखीम ‘नगण्य’ ठरली की दावा बाद होई. ते कलम २०१७ साली हटले, पण २०१८ च्या अखेरीस वर्षाला १ मिलिसीव्हर्टची (शरीरावरच्या परिणामानुसार मात्रा मोजणाऱ्या एककातली) सीमा आली. आकडा आता दार झाला होता, आणि त्याला पुन्हा वैज्ञानिकांनी हात घातला. २०१३ साली खुल्या झालेल्या लष्करी कागदांवरून ‘डिस्क्लोज’ या शोधपत्रकारिता संस्थेचे पत्रकार आणि प्रिन्स्टन विद्यापीठाचे सेबास्तियाँ फिलिप यांनी मार्च २०२१ मध्ये नवी गणिते मांडली. १७ जुलै १९७४ च्या ‘सांतोर’ स्फोटाचा ढग अपेक्षेइतका वर गेला नव्हता. दोनच दिवसांत तो ताहितीवर पोचला. बेटांवर लोक टाकीतले पावसाचे पाणी पितात, ही घरोघरची गोष्ट सरकारी गणितात नीट धरलीच नव्हती, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या हिशेबाने सुमारे १,१०,००० जण, म्हणजे त्या वेळची जवळपास सगळी वस्ती, १ मिलिसीव्हर्टच्या वर गेली असावी. भरपाई मागणाऱ्याला मात्र त्यानंतरही आपले बेट, आपले वर्ष आणि त्यावर बसणारा आकडा पुढे ठेवावा लागला.