खडकीचा धनराज आणि खेळाची मजुरी

लिंबागणेशासारख्या गावी व्याख्यानास उभे राहून हॉकीची कथा सांगावी, हे काही श्रोत्यांना विचित्र वाटेल. भालचंद्र गणपतीच्या या परिसरात खेळ म्हटला की कुस्ती, नाहीतर कबड्डी. हॉकीची काठी हातात धरलेला माणूस येथे क्वचितच दिसावा. परंतु आज आम्हांला जो प्रश्न आपणांपुढे ठेवायचा आहे, तो हॉकीहून कुस्तीच्या फडातच लवकर समजतो, म्हणून आरंभ तेथूनच करू.

जत्रेतल्या कुस्त्या रेवड्यांवर सुरू होतात आणि मोठ्या इनामावर संपतात. जोड चितपट करणारा मल्ल रोख रक्कम घेतो, फेट्याच्या टोकाला गाठ मारतो आणि दुसऱ्या गावची जत्रा धरतो. त्याचा खुराक, त्याचे घर त्यावर चालते. त्याला पैशाचा लोभी म्हटलेले आम्ही तरी ऐकले नाही. उलट इनाम कमी पडले तर गावालाच लाज वाटते. मात्र देशाची जर्सी घातलेला खेळाडू आपल्या श्रमाचा मोबदला मागू लागला, की आपल्या भुवया वर जातात. ही भुवई आपली नव्हे. ती साहेबाकडून आलेली आहे. ज्याच्या घरी खायला भरपूर आहे त्याने हौसेने खेळावे, पैशासाठी खेळणे हलके, ही विलायती सभ्य गृहस्थांची समजूत. ऑलिंपिकच्या नियमांनी ती कित्येक दशके सांभाळली आणि आपण ती निमूटपणे डोक्यावर घेतली.

साहेबाच्या मुलखातून निघालेल्या कॅनडाने मात्र ती केव्हाच टाकून दिली. तेथे बर्फावर हॉकी खेळतात. १९१७ साली माँट्रियल येथे धंदेवाईक संघांची नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. तिथला आघाडीचा खेळाडू पाऊण-एक मिनिट जिवाच्या कराराने बर्फावर धावतो, बाकावर येऊन दम घेतो आणि पुन्हा उतरतो. करार संपला की दुसऱ्या शहराच्या संघात जातो. त्याचे मोल ठरलेले असते आणि ते सांगताना तो लाजत नाही. आपल्या हिरव्या मैदानावरच्या आघाडीवाल्याचे काय झाले, ते धनराज पिल्ले याच्या कारकिर्दीवरून पाहू.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी खडकीचा. मराठवाड्याच्या माणसाला खडकी म्हटले की मलिक अंबराने वसविलेली खडकी आठवणार. ही ती नव्हे. ही पुण्याजवळची, १८१७ साली पेशव्यांची फौज इंग्रजांशी जेथे लढली ती. त्या लढाईनंतर तेथे गोऱ्यांची छावणी बसली, पुढे दारूगोळ्याचे कारखाने आले, आणि छावणीबरोबर हॉकीही आली. धनराजचे वडील नागलिंगम हे कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत. घर तमिळ, वस्ती कामगारांची. मुलांच्या हाती नवी स्टिक यावी अशी ऐपत नव्हती. मोडक्या काठ्या बांधून घ्यायच्या, टाकून दिलेले चेंडू उचलायचे आणि चिखलमातीत भावांबरोबर खेळायचे, हेच त्याचे शिक्षण. मनात आदर्श महंमद शाहिद याचा. मातीवर चेंडू थबकतो, वेडावाकडा उसळतो. त्याला काठीने समजावीत पुढे न्यावे लागते. हा मुलगा ते तेथे शिकला.

परंतु मोठ्या सामन्यांतून माती निघून गेली होती. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. १९८०च्या मॉस्कोतले सुवर्णपदक, आपले आठवे, हे त्या वैभवाचे शेवटचे किरण. नव्या गवतावर चेंडू सुसाट जातो, आणि तेथे काठीच्या करामतीबरोबर पायांचा वेगही लागतो. धनराजकडे दोन्ही होते. थोरला भाऊ रमेश मुंबईस खेळत असे, त्याच्यामागून ऐंशीच्या दशकाच्या मध्यास हाही मुंबईस आला, महिंद्रच्या संघात खेळला आणि १९८९ अखेर भारतीय संघात दाखल झाला.

पुढे पंधरा वर्षे तो खेळला. चार ऑलिंपिक (१९९२, १९९६, २०००, २००४), चार विश्वचषक (१९९०, १९९४, १९९८, २००२), चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅंपियन्स करंडक. अशी चौकट दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. आता दुसरी बाजूही पाहावी. त्या चार ऑलिंपिकांत भारताचे क्रमांक अनुक्रमे सातवा, आठवा, सातवा, सातवा. सिडनीत तर पोलंडवर आघाडी होती. शेवटच्या काही क्षणांत बरोबरीचा गोल झाला आणि उपांत्य फेरी हुकली.

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉक येथे मात्र आशियाई सुवर्णपदक मिळाले. १९६६ नंतरचे ते पहिले, बत्तीस वर्षांनी. कप्तान धनराज. दक्षिण कोरियाशी अंतिम सामना बरोबरीत सुटला, तेव्हा पेनल्टी स्ट्रोकवर गोलरक्षक आशिष बल्लाळ याने बाजू राखली. विजयी संघ परतला आणि काही दिवसांतच कप्तानासह सात ज्येष्ठ खेळाडू संघातून वगळले गेले. जाहीर कारण ‘विश्रांती’. पण धनराजने तुटपुंज्या भत्त्याविषयी आणि अपुऱ्या सोयींविषयी तोंड उघडले होते, हे सर्वांना ठाऊक होते. पदक आणणाऱ्या मल्लाला इनाम मागितले म्हणून फडाबाहेर काढणारा गाव आम्ही पाहिलेला नाही.

मग त्याचे पोट कसे चालले? एक तर नोकरीवर. आपल्याकडे खेळाडूला खेळाचा नव्हे, नोकरीचा पगार मिळतो. धनराजही एअर इंडियात होता. रेल्वे, पोलीस, लष्कर, हाच आपल्या खेळाडूंचा खरा आश्रयदाता. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हाही लष्करातूनच धावपटू झाला. दुसरे म्हणजे परदेशी क्लबांवर. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधले लियों, जर्मनीतले श्टुटगार्ट, मलेशियातले संघ, ढाक्याचा अबाहनी, अशा ठिकाणी तो मोसमापुरता खेळला. एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस जाणारा मल्लच तो, फक्त जत्रा समुद्रापलीकडच्या. बाहेर त्याच्या धावेचे मोल होते. घरी त्याची शिस्त मोजली जात होती. असे असूनही २००२ साली कोलोन येथे, चौतिसाव्या वर्षी, चॅंपियन्स करंडकाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि २००३ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली क्वालालंपूरला पाकिस्तानला ४–२ असे हरवून आशिया चषक आला. सरकारने खेलरत्न दिले, २००१ मध्ये पद्मश्री दिली. सन्मानात कसर नव्हती, कसर हिशेबात होती.

हिशेबाची एक गोष्ट तर इतिहासाच्या अभ्यासकाला बोचावी अशी आहे. आंतरराष्ट्रीय सामने तीनशे एकोणचाळीस खेळलेल्या या माणसाने गोल किती केले? हॉकी महासंघाने गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही. तो स्वतः १७० सांगतो. आकडेवारीचे जाणकार १२०च्या थोडे वर मोजतात. गावच्या सोसायटीत पोत्यांची मोजदाद चुकली तर सभा होते. येथे पन्नास गोलांचा फरक कोणी विचारला नाही.

प्रीमियर हॉकी लीग ही आपली धंदेवाईक स्पर्धा २००५ मध्ये हैदराबादेस सुरू झाली. तिच्यातल्या एका संघाचे नाव मराठा वॉरियर्स होते, आणि त्यात खडकीच्या तमिळ घरातला धनराज कप्तान म्हणून उतरला. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. ती लीग २००८ नंतर भरली नाही.