वल्ह्यावरचा हात

१९३० साली तीन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणालाच वाटलं नसतं. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्नोल्ड कॉलिन्स या रसायनशास्त्रज्ञाला एप्रिलमध्ये रबरासारखा लवचीक पांढरा गोळा मिळाला. लंडनमध्ये डॉ. थॉमस लुईस यांनी बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवली की रक्तवाहिन्या कशा वागतात, यावरचा निबंध छापला. आणि गिनो वॉटकिन्स हा २३ वर्षांचा इंग्रज तरुण मोहीम घेऊन पूर्व ग्रीनलंडला निघाला. थंड पाण्यात कयाक वल्हवणाऱ्यांच्या हातमोज्यांची कथा सांगायची, तर या तिघांशिवाय भागत नाही.

वॉटकिन्सची मोहीम होती विमानमार्गाच्या पाहणीची, पण तो रमला कयाकमध्ये. उलटलेली कयाक आतल्या आत वल्ह्यानं सरळ करण्याची विद्या तो तिथल्या शिकाऱ्यांकडून शिकला. त्या शिकाऱ्यांचा वेश म्हणजे शिवणकामाची कमाल. सीलच्या कातड्याचा ‘तुइलिक’ नावाचा अंगरखा चेहऱ्याभोवती, मनगटांवर आणि कयाकच्या तोंडाच्या कडेवर दोऱ्यांनी आवळून बांधायचा, म्हणजे माणूस आणि होडी मिळून एकच बंद पिशवी. शिवणाऱ्या बायका सुई कातड्यातून आरपार जाऊ देत नसत, अर्ध्या जाडीतूनच फिरवत. दोरा प्राण्यांच्या स्नायुबंधाचा असे आणि तो भिजला की फुगून भोक बुजवी. हातात कातड्याचेच, फक्त अंगठा वेगळा असलेले मोजे.

१९३२ मध्ये वॉटकिन्स पुन्हा तिथे गेला. २० ऑगस्टला तो एकटाच सीलच्या शिकारीला निघाला. नंतर साथीदारांना त्याची रिकामी कयाक तरंगताना सापडली आणि एका हिमखंडावर त्याची विजार व कमरपट्टा. नेमकं काय झालं ते पाहायला कुणी नव्हतं. वय २५. ऑगस्ट म्हणजे ग्रीनलंडचा उन्हाळा, हे इथं ध्यानात घ्यावं.

थंड पाण्याचा पहिला घाव श्वासावर बसतो, दुसरा हातांवर. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीस्ब्रेख्त यांनी यासाठी एक सोपा हिशेब रूढ केला. बर्फगार पाण्यात पडलेल्याला श्वास ताब्यात आणायला साधारण एक मिनिट मिळतं, हातापायांनी कामाची हालचाल करायला दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे शरीर गारठून बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधी बोटं निकामी होतात. वल्हं धरता येत नाही, शिट्टी सापडत नाही, बक्कल उघडत नाही.

लुईसना दिसलं होतं ते असं: गार पाण्यात बोटांच्या रक्तवाहिन्या आधी घट्ट मिटतात, पण काही मिनिटांनी आपोआप उघडतात आणि पुन्हा मिटतात. हे चक्र चालूच राहतं. पुढे कॅनडातल्या गास्पे किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे हात तपासले, तेव्हा त्यांची बोटं इतरांपेक्षा उबदार राहत असल्याचं आढळलं. सवयीचा हात जरा शहाणा होतो खरा, पण सुट्टीला होडीत बसणाऱ्यानं त्या भरवशावर राहू नये.

उत्तर अटलांटिकच्या कोळ्यांनी लोकरीवर काम भागवलं. मोजे मुद्दाम मोठे विणायचे आणि समुद्राच्या पाण्यात, कामाच्या घासाघाशीत आटून नमद्यासारखे दाट होऊ द्यायचे. आइसलँडच्या मोज्यांना तर दोन अंगठे असत. तळव्याची बाजू दोरानं आणि वल्ह्यानं झिजली की मोजा फिरवून घालायचा, दुसरा अंगठा तयारच. इतकी काटकसरी कल्पना आजच्या एकाही कंपनीला का सुचू नये, हे कोडंच आहे.

कॉलिन्सच्या गोळ्यामागे एका धर्मगुरूचं काम होतं. नोत्र दाम विद्यापीठातले फादर ज्युलियस न्यूलंड अॅसिटिलीन वायूवर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. १९२५ मध्ये ड्यूपॉन्टच्या एल्मर बोल्टन यांनी त्यांचं भाषण ऐकलं आणि कंपनी त्या वाटेनं गेली. नवं रबर १९३१ मध्ये ‘ड्यूप्रीन’ नावानं जाहीर झालं, पुढे ते नियोप्रीन झालं. तेलानं, उन्हानं सहजी न खराब होणारं म्हणून त्याच्या नळ्या आणि वेष्टनं बनू लागली. हातमोज्यांशी त्याचं नातं जुळायला मात्र वीस वर्षं जावी लागली.

ते जुळवलं ह्यू ब्रॅडनर यांनी. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेले हे भौतिकशास्त्रज्ञ १९५०च्या सुमारास बर्कलीत होते आणि नौदलाच्या पाणबुड्यांसाठी उबदार पोशाख शोधत होते. तोवर सगळी धडपड पाणी बाहेर ठेवण्याची. ब्रॅडनरना उमगलं की माणूस भिजला तरी हरकत नाही, ऊब राखायची ती कापडातल्या अडकलेल्या वायूनं. विलर्ड बॅस्कम यांनी त्यांना फेसाळ नियोप्रीन सुचवलं. त्यात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात, त्यामुळे ते पाणी पीत नाही आणि उष्णता सहज बाहेर सोडत नाही. ब्रॅडनरनी पेटंट घेतलं नाही. कॅलिफोर्नियात जॅक ओनील आणि मिस्ट्रेल बंधू यांनी लाटांवर खेळणाऱ्यांना हे पोशाख विकून धंदा उभारला, आणि बराच काळ शोधाचं श्रेयही त्यांच्याकडेच राहिलं. ब्रॅडनरचा कागदोपत्री पुरावा कॅरोलिन रेनी यांनी १९९८ मध्ये मांडला.

सुरुवातीचं ते नियोप्रीन इतकं नाजूक की नखानं फाटे, आणि अंगात चढवायला पावडर लागे. त्याला नायलॉनचं अस्तर चिकटवलं तेव्हा ते टिकाऊ झालं. गंमत म्हणजे नायलॉनही ड्यूपॉन्टच्या वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटानंच १९३५ मध्ये घडवलेलं, आणि कॉलिन्सही त्याच गटातले. आज दुकानात मिळणाऱ्या मोज्याचा आतबाहेरचा बहुतेक माल एकाच प्रयोगशाळेचा.

एवढं होऊनही वल्हवणाऱ्याचं दुखणं शिल्लकच राहिलं. पाणबुड्याला पाच मिलिमीटर जाडीचा मोजा चालतो, कारण त्याला काही सतत धरून ठेवायचं नसतं. वल्हवणारा तासन् तास दांडा धरून असतो. जाड तळव्यामुळे दांडा मुठीत जाडजूड होतो, बोटं प्रत्येक वळणाला रबराशी झगडतात आणि हात लवकर भरून येतात. शिवाय मूठ आवळली की बुडबुडे चेपतात, म्हणजे तळव्याच्या जाडीतली ऊबही बरीचशी जाते. म्हणून खळाळत्या नद्यांमधल्या कयाकवाल्यांनी वेगळीच युक्ती काढली: ‘पोगी’. नियोप्रीनची किंवा कापडाची ही पिशवी दांड्यालाच बांधलेली असते आणि हात तिच्यात सरकवायचा. तळवा उघड्या दांड्यावर, वारा आणि शिंतोडे बाहेर. वल्ह्याची जाण पुरती राहते. फक्त हात वल्ह्यावरून सुटला की तो उघडाच.

महाराष्ट्रात कोलाडच्या कुंडलिकेवर यातलं काही लागत नाही. पण इथून दरवर्षी राफ्टिंगला, कयाकिंगला ऋषिकेश आणि लडाखकडे जाणारे अनेक आहेत, आणि सिंधू-झंस्कारचं पाणी भर उन्हाळ्यातही वितळलेल्या बर्फाचं असतं.

तिथं जाणाऱ्यानं मोजा निवडताना जाडीच्या आकड्याला भुलू नये. मागची बाजू तीन मिलिमीटरची आणि तळवा त्याहून पातळ असेल तर बहुतेकांचं भागतं. बोटं आधीच वाकवून शिवलेली असावीत. वाऱ्यात बाहेरून गुळगुळीत रबर बरं, नायलॉनचं कापड पाणी धरून ठेवतं आणि ते वाळताना हात गार करतं. मनगटाकडे सर्वांत बारकाईनं पाहावं. बोटं हलवणारे मोठे स्नायू पंजात नसतात, कोपर ते मनगट या भागात असतात, म्हणून मोजा लांब हवा आणि बाही त्यावर घट्ट बसायला हवी. तुइलिक शिवणाऱ्या बायकांनी मनगटावर दोरी बांधली ती उगाच नाही. आणि विकत घेण्याआधी दुकानात मोजे घालून वल्ह्याचा दांडा, नाहीतर झाडूची काठी, पाच मिनिटं घट्ट धरून पाहा. कोरड्या दुकानातच हात भरून आले, तर तो जोड परत ठेवा.